पक्का हात

ते कोणाशी हात मिळवीत नसत; कोपर धरीत. समोरच्याने हात पुढे केला की त्यांचा हात त्याला ओलांडून वर जाई, बोटे कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत बसत आणि क्षणभर तिथे काहीतरी हळूच घोळवले जाई. बाजारात आपण तुरीची शेंग न सोलता आतला दाणा भरला आहे की नाही हे चाचपून पाहतो, तसे. मग ते म्हणत, "बोलते. चांगली हाय." एवढे झाल्यावर नमस्कार आणि ख्यालीखुशाली.

तुमचे कोपर कधी दाराच्या चौकटीवर आपटले असेल, तर ते काय शोधत होते हे तुम्हाला ठाऊक आहे. करंगळीपर्यंत जी झिणझिणी धावते, ती त्या खोबणीतून जाणाऱ्या नसेची. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात कमी उबेच्या जागा शोधतो आणि कोपराशी ही नस कातडीला अगदी लागून जाते, म्हणून तो तिथे वस्ती करतो. नस सुजते, जाड होते आणि हळूहळू निरोप पोहोचवणे थांबवते. आधी स्पर्श जातो, मग बोटांतले बळ जाते, आणि शेवटी करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वळून तसेच राहते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. रोगाचे नाव तोंडाने घ्यायला लोक कचरतात, म्हणून पंचक्रोशीत त्यांना 'चट्टेवाले भाऊ' म्हणत. शिक्षण बारावी आणि त्यावर एक सरकारी प्रशिक्षण. नोकरीची शेवटची दोन वर्षे उरलेली. मी जैवभौतिकशास्त्रात एम.एस्सी. होते, नागपूरच्या एका संशोधन प्रकल्पात नव्याने रुजू झाले होते आणि माझ्याकडे एक यंत्र होते. नसेला विजेचा सौम्य धक्का देऊन तिच्यातून निरोप किती वेगाने जातो, हे ते मोजत असे. त्या मोजमापांवर माझा पहिला शोधनिबंध उभा राहायचा होता आणि शोधनिबंधावर पुढची पीएच.डी. ते यंत्र आणि मी, असे आम्ही दोघे त्यांच्या खोलीत दाखल झालो, तेव्हा त्यांनी यंत्राकडे पाहिलेच नाही. त्यांनी माझे कोपर धरले.

"बोलते," ते म्हणाले. "बसा मॅडम. चहा घेजा."

हेवा आणि मत्सर यांत फरक आहे. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही असावे, हा हेवा. ते त्याच्याकडे नसावे, हा मत्सर. पहिल्या महिन्यात मी पहिल्या अवस्थेत होते. दुसरी अवस्था कधी सुरू झाली ते मला नेमके सांगता येते, पण ते पुढे येईलच.

त्यांच्या या सवयीची गावाने भरपूर थट्टा केली होती. एसटीचा वाहक तिकीट देताना मुद्दाम हात आखडून घेई आणि म्हणे, "काऊन भाऊ, आज माही कुंडली पाहाची राह्यली का?" ते म्हणत, "कुंडलीत का हाय बापू? कोपर दाखव." एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या हातात पाकीट ठेवले आणि त्याच हाताने त्याचे कोपर चाचपले. मुलीचे वडील शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, मांगच्या महिन्यात सांगतलं असतं तं कामी आलं असतं. आता अक्षदा पडल्या." यावर सगळा मांडव हसला. भाऊंनी मात्र शांतपणे नवरदेवाचे दुसरे कोपरही पाहिले.

रुग्ण आला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे: "आधी हात, मंग कागद." माझी पद्धत बरोबर उलटी होती. मी आधी प्रश्नावली भरून घेई. नाव, वय, व्यवसाय, आणि मग, 'त्वचेवर बधिर चट्टा आहे काय?' हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो एका म्हाताऱ्या गृहस्थांना. ते चांगलेच दुखावले. म्हणाले, "बधिर? मले सारं आयकू येते, बाई. तुमीच हळू बोलून राह्यल्या."

भाऊ खुर्ची ओढून पुढे आले. त्यांनी विचारले, "काकाजी, अंगावर कुठी मुकी जागा हाय का?"

"हाय ना," म्हाताऱ्याने सदरा वर केला. पाठीवर फिकट, तळहाताएवढा चट्टा होता. "ह्ये पाहा. दोन सालापासून मुकी हाय."

नंतर मी त्यांना म्हटले की शास्त्रीय शब्द 'बधिर' हाच आहे. त्यांनी थोडा विचार केला. "बधिर म्हंजे ज्याले आयकू येत नाई तो. ह्या कातडीवर काटा टोचला तं टोचतेच ना, मॅडम? पण ते वर डोक्यापर्यंत सांगत नाई. मंग मुकीच झाली ना."

मी त्या संध्याकाळी त्यांच्या म्हणण्यात चूक शोधत बसले. सापडली नाही. जिथे इजा होते ती जागा इजा स्वीकारते. तुटतो तो निरोप. पाठ्यपुस्तकाने बहिरेपणाचा शब्द वापरला होता आणि बारावी झालेल्या माणसाने मुकेपणाचा, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता तो दुसरा. मी प्रश्नावलीत शब्द बदलला. तो कोणाचा आहे, हे प्रकल्पाच्या अहवालात कुठे लिहिले नाही. अहवालात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो, असे मी स्वतःला सांगितले.

माझ्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या नायलॉनच्या तंतूंची एक पेटी होती. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या हातावर तंतू टेकवायचा. सर्वांत बारीक तंतू कळला तर स्पर्श शाबूत, जितका जाड तंतू लागेल तितकी हानी जास्त. भाऊ या तंतूंना 'मॅडमच्या मिशा' म्हणत. दवाखान्यात हे नाव इतके रुळले की एकदा परिचारिकेने लेखी निरोप पाठवला, 'मिशा कपाटात ठेवल्या आहेत.' ते स्वतः बॉलपेनचे टोक वापरीत. त्यावर मी टीका केली तेव्हा त्यांनी ती मान्य केली, मिशा वापरायला शिकले, आणि आठ दिवसांत माझ्यापेक्षा लवकर नोंदी करू लागले. लोक त्यांच्यासमोर डोळे खरेच मिटून घेत. माझ्यासमोर पापण्यांच्या फटीतून पाहत.

मग मी त्यांची परीक्षा घेतली. तिला मी 'अंध चाचणी' म्हटले. विज्ञानात तसे म्हणतात. वॉर्डातला हिरवा पडदा आडवा लावला. पलीकडून एकेकाने फक्त हात बाहेर काढायचा, भाऊंनी कोपर चाचपून सांगायचे आणि मी यंत्राच्या निकालाशी ताडून पाहायचे. रुग्णांत मी निरोगी माणसेही मिसळली होती. एका परिचारिकेला तर दोनदा बसवले, एकदा बांगड्यांसकट आणि एकदा बांगड्या काढून. दुसऱ्या वेळी त्यांनी कोपर धरले आणि पडद्याला उद्देशून म्हणाले, "सिस्टर, बांगड्या काढून घाम आला असंन. मघाचीच नस हाय ही."

पडद्यामागे सिस्टर खुदखुदून हसली. मी हसले नाही.

त्या दिवशी ते एकदाच चुकले. एका जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या हमालाचा दंड असा काही पिळदार होता की त्याची नस त्यांना जाड वाटली. यंत्राने ती पूर्ण निरोगी दाखवली, आणि तपासाअंती ती तशीच निघाली. मी बाहेर जाऊन तर्री पोह्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या. परत आले तेव्हा त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवले होते. "इथं चुकलो म्हून लिहा, मॅडम. खाडाखोड नका ठेऊ." आवाजात काहीही नव्हते, ना खंत, ना सारवासारव. मला चूक मान्य करणे जड जाते. त्यांना ते मुळीच जड जात नव्हते, आणि आता मला त्याचाही हेवा वाटू लागला.

उपचार समजावतानाही ते मला मागे टाकीत. गोळ्यांच्या पाकिटातला पहिला डोस ते आपल्यासमोर घ्यायला लावीत आणि सांगत, "लघवी लाल येईन, भेवाचं नाई, ते औषध हाय. कातडी सावळी होईन, ते परत उजळते. गोळी सुटली तं मी घरी येईन, मंग तुमालेच चहा पाजा लागन." जंतू गोळ्यांनी मरतात, पण मेलेल्या जंतूंवरही शरीर चवताळते आणि त्या भरात नस आणखी सुजते. त्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते, आणि तेही वेळेत. हे समजावायला मला फळ्यावर तीन आकृत्या लागत. ते म्हणत, "चोर मेला, पण जाता जाता त्यानं घराले आग लावली. चोराले मारणं येगळं, आग इझवणं येगळं. आग उशिरा इझली तं भिताडं राह्यतीन, घर नाई."

आता ती दुसरी अवस्था.

एप्रिलमध्ये प्रकल्पाचे प्रमुख, माझे मार्गदर्शक, नागपूरहून पाहणीला आले. मी पंधरा दिवस खपून आलेख तयार केले होते. त्यांनी त्यावरून दोन मिनिटे नजर फिरवली, "छान," म्हणाले, आणि भाऊंच्या समोरच्या स्टुलावर जाऊन बसले. बाही वर केली. पुढचा तासभर तो जगभर व्याख्याने दिलेला माणूस स्वतःचे कोपर पुढे करून शिकत होता, बोटे कुठे ठेवायची, किती दाबायचे, नस कशी घोळवायची. निघताना मला म्हणाले, "यांच्याकडून शिकून घ्या. हे आपल्या यंत्राला येत नाही." गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. ते कौशल्य माझ्याकडेही असावे, असे मला त्या क्षणी वाटले नाही. ते त्यांच्याकडे नसावे, असे वाटले.

त्याच दुपारी वडनेरची बाई आली.

ती लंबी रोटी करणारी होती. तुम्ही विदर्भातल्या लग्नात जेवला असाल तर ही रोटी पाहिली असेल. सैल, लवचिक कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणायचा, तो रुमालासारखा पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर फेकायचा आणि क्षणात हाताने सोडवून घ्यायचा. तिच्या जेठांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा, कुष्ठरोगाचा उपचार संपत आला होता. घरातल्या सर्वांची तपासणी करायची असते, म्हणून ती आली होती, तीही घाईत. लग्नसराई होती आणि संध्याकाळी हिंगणघाटजवळ तिची चूल पेटायची होती. अंगावर एकही चट्टा नव्हता.

भाऊंनी तिचे उजवे कोपर धरले, आणि ते नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले.

"हातात मुंग्या येत होत्या का, बाई?"

"दिवाळीत येत होत्या. लय दुखेबी. आता नाई. बरं झालं."

"कशानं बरं झालं?"

"आपल्याआपच. दुखणं थांबलं."

"चटका लागते का मडक्याचा?"

ती हसली. त्या हसण्यात अभिमान होता. "पंधरा साल झाले भाऊ. पह्यले लागे. आता आग मले ओयखते. आमच्या तिकडं सारे म्हंतेत, हिचा हात पक्का झाला."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी तिचे डावे कोपर धरले, पुन्हा उजवे धरले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, ही नस जाड हाय. बोलून नाई राह्यली. तुमी पाहा."

मी नायलॉनचे तंतू काढले. तिला बारीक तंतू कळत नव्हते. उजव्या हाताला तर जरा जाड तंतूही नाही. पण दोन्ही तळवे इतके घट्टे पडलेले होते की मी नोंद केली: 'व्यवसायामुळे जाड झालेली त्वचा.' तिच्या गावाने 'पक्का हात' म्हटले होते. माझ्या नोंदीत तेच होते, फक्त भाषा वेगळी होती.

मग मी यंत्र लावले. नियमानुसार निरोपाचा वेग दोन टप्प्यांत मोजायचा असतो: मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत, आणि मग कोपराच्या खालून वरपर्यंत. दुसऱ्या टप्प्यासाठी हात वाकवून ठेवावा लागतो, वेळ लागतो आणि रुग्ण चुळबुळतो. मी पहिला टप्पा मोजला. वेग उत्तम होता.

"कोपराच्या वर लावा ना, मॅडम," मागून आवाज आला. "गाठ तिथं हाय."

"आमची ठरलेली पद्धत हीच आहे," मी म्हणाले.

हे खोटे होते. मी त्यांचे म्हणणे नीट ऐकले होते, ते बरोबर असण्याची शक्यताही मला दिसत होती, आणि नेमक्या त्याच कारणाने मी यंत्र बंद केले. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी माझा छापील निकाल पाहिला, भाऊंचा तोंडी निकाल ऐकला आणि छापलेल्यावर विश्वास ठेवला. 'तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.' बाईला चार वाजताची बस मिळाली.

पुढच्या आठवड्यापासून भाऊंना दुसऱ्या तालुक्यात घरोघर शोधमोहिमेसाठी पाठवले गेले. ते परतले ते मेअखेरीस, आणि पहिल्याच सोमवारी रजा टाकून मोटरसायकलने वडनेरला गेले. दुपारी त्यांच्यामागोमाग बसने ती बाई आणि तिचा नवरा दवाखान्यात आले. तिच्या उजव्या मनगटाच्या करंगळीकडच्या कडेला रुपयाएवढा फोड होता, फुटलेला. तो कधी उठला हे तिला माहीत नव्हते. भाऊंनी तिच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागदाचा तुकडा धरायला दिला आणि हलकेच ओढला. तो सहज निसटून आला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला.

"जोर लावा, बाई."

"लावूनच राह्यली, भाऊ," ती म्हणाली. मग प्रथमच तिने त्या हाताकडे असे पाहिले की जणू तो कोणी दुसऱ्याने तिच्या मांडीवर आणून ठेवला आहे.

मी या वेळी कोपराच्या वर यंत्र लावले. पडद्यावरची लाट कोपरापाशी येऊन जवळजवळ आडवी झाली. मी ती पाहिली, डॉक्टरसाहेबांनी पाहिली. कातडीवर चट्टा न उमटवता नुसत्या नसेतच राहणारा कुष्ठरोग असतो, हे मी परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलेले होते. त्याच दिवशी सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, जंतूंवरचे औषध सुरू झाले, रात्री कोपर सरळ राहावे म्हणून फळी बांधून दिली. दरम्यान गेलेले सहा आठवडे परत देणारे औषध अस्तित्वात नाही.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघेच उरलो तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी वर लावा म्हणालात, ते मी ऐकलं होतं."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. कपाटाला कुलूप लावताना त्यांची पाठ माझ्याकडे होती. "पण मीबी हट्ट धराले पायजे होता. तुमचं मशीन नवीन, मले वाटलं, असंन काई. दोघायची चूक झाली, मॅडम."

मी त्या वाक्याने हलकी झाले, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. ती चूक माझी होती, पूर्णपणे माझी. तीही त्यांनी अर्धी उचलली. तिच्यावरचा हक्कसुद्धा मला एकटीला राहू दिला नाही.

त्यानंतर मी शिकले. यंत्र बाजूला ठेवून रोज कोपरे धरू लागले. ते शेजारी बसत आणि माझ्या बोटांवर बोटे ठेवून दाब कमी-जास्त करीत. "दाबू नका. घोळवा. नस पयते, तिले पयू द्या." चार महिन्यांनी मला जाड नस कळू लागली. बारीक फरक आजही कळत नाहीत. त्यांना ते बोलता बोलता, चहाचा कप दुसऱ्या हातात असताना कळत.

बाईच्या हातातले बळ हळूहळू परतले. पाचव्या महिन्यात कागद निसटेना. सातव्यात करंगळी सरळ राहू लागली. स्पर्श मात्र आला नाही. करंगळी, तिच्या शेजारच्या बोटाची कड आणि तळव्याचा तो अर्धा भाग मुकाच राहिला. भाऊंनी तिला एकच नियम घालून दिला होता: मडक्याजवळ तो हात न्यायचा नाही. लंबी रोटीवालीला हे सांगणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही करू शकता. ती भांडली, रडली, पंधरा दिवस तिने फोन उचलला नाही. मग तिने धंद्याची रचनाच बदलली. कणीक ती ताणणार, मडक्यावर टाकणार आणि सोडवणार तिची धाकटी जाऊ.

पुढे भाऊ निवृत्त झाले आणि नाचणगावला आपल्या घरी गेले. निरोपसमारंभात सत्कार करणाऱ्या अधिकाऱ्याचे कोपर त्यांनी शाल अंगावर पडत असतानाच धरले. रिकाम्या खुर्चीवर नवा माणूस आला नाही. त्या जागेवर प्रकल्पाच्या वतीने आता मी बसते, आणि दारातून आत आलेले लोक आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहतात. "भाऊ नाई का?" "निवृत्त झाले." "अच्छा," असे म्हणून काही जण बसतात. काही जण 'मंग येतो' म्हणून निघून जातात. मी कागद न उघडता आधी हात पाहते, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

डिसेंबरच्या एका सकाळी मी वडनेरला गेले. तिच्या वार्षिक तपासणीची तारीख उलटली होती आणि ती लग्नांच्या कामातून निघू शकत नव्हती. एका घरामागे मंडपाच्या आडोशाला दोन चुली पेटलेल्या होत्या. ती पाटावर बसून कणीक झेलत होती. रोटी तिच्या हातांवर लांबत लांबत कोपरापर्यंत आली की जाऊ पुढे होऊन ती अलगद उचलून घेई. दोघींमध्ये एक शब्दही होत नव्हता. मी तिच्या शेजारी बसले आणि थोडा वेळ नुसती पाहत राहिले.

"भाऊ कसे आहेत? फोन येतो का?" मी विचारले. मला माहीत होते, येतो.

"येते ना. दर आयतवारी. कोणतं बोट काय म्हंते ते इचारतेत." तिने नवा गोळा घेतला. "मी म्हंतो, काईच नाई म्हनत. ते म्हंतेत, इचारत राहाजो."

माझ्या मनात एक वाक्य दीड वर्ष तयार होते. ते मी सुंदर रचले होते. त्यात वैद्यकीय अनिश्चितता होती, रोगाची दुर्मीळ प्रकृती होती. प्रत्यक्षात मी म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी भाऊंनी मला कोपराच्या वर मोजायला सांगितलं होतं. मी मोजलं नाही. मुद्दाम. मोजलं असतं तर तुमचा हात पूर्ण राहिला असता, असं मला वाटतं."

तिचे हात थांबले. रोटी एका बाजूने खाली लोंबू लागली. जावेने ती उचलली, आमच्या दोघींकडे एकदा पाहिले आणि मडक्याकडे वळली. बाईने हातावरची कणीक खरवडून काढली आणि पदराला हात पुसला.

"काऊन मोजलं नाई?"

"ते माझ्यापेक्षा हुशार आहेत, हे मला सहन झालं नाही."

तिने हे ऐकून मान हलवली. क्षमा केल्यासारखी नव्हे. एखादी गोष्ट कुठे ठेवायची ते ठरवल्यासारखी. मग तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. "मंग आता पाहा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

मी नळावर हात धुऊन आले आणि तो हात दोन्ही हातांत घेतला. पिशवीतून अजून काहीच काढले नव्हते. मी तिच्या तळव्याखालून बोटे कोपराकडे नेत होते, तेवढ्यात तिने हात झटकन मागे घेतला.

"थंडा हाय तुमचा हात," ती म्हणाली. "बरफावानी."

नळाचे पाणी गार होते. माझ्याही बोटांना ते कळत होते. मी दिलगिरी व्यक्त करणार होते. पण ती आता माझ्याकडे पाहत नव्हती. तिने आपला हात डोळ्यांसमोर धरला होता.

"कुठं लागलं थंड?" मी विचारले.

तिने डाव्या हाताने करंगळी धरली. सोडली. पुन्हा माझ्या हाताला टेकवली आणि या वेळी तिथेच ठेवली, कितीतरी वेळ. चुलीवर जावेची रोटी करपल्याचा वास आला, तरी आम्ही दोघींनी मान वळवली नाही.

"हिनं सांगतलं," ती म्हणाली.

मी पेटी उघडली, तंतू काढले, नोंद घेतली. बारीक तंतू कळत नव्हते. जाड कळत होता, बोटाच्या मुळाशी, थोड्याशा जागेत. ती जागा मी कागदावर पेन्सिलीने रेखाटली. परतीच्या बसमध्ये मी फोन हातात घेतला, नाचणगावचा नंबर काढला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. ते तिला रविवारी फोन करीत, आणि ती त्यांना सांगणारच होती. तो दिवस शुक्रवार होता. दोन दिवस ती करंगळी आमच्या दोघींचीच होती.